समजून घ्या : पिशाच्च, हत्ती की आजार? मालेराव होळकरांच्या मृत्यूचे गूढ आणि अहिल्याबाईंचे आयुष्य

चांदवडच्या रंगमहालाचे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते एखादे जुने नाट्यगृह वाटू शकते. प्रत्यक्षात तो होळकरांचा वाडा आहे. तिथे नाटकांचे प्रयोग होत नसत; पण ज्या घराण्याचा हा वाडा, त्या घराण्यात १७६७ मध्ये एखाद्या रहस्यकादंबरीला पुरेल असा प्रसंग घडला. एका निरपराध कारागिराचा खून झाला. मारेकऱ्याला त्याच कारागिराच्या पिशाच्चाने झपाटल्याची बोलवा उठली. थोड्याच दिवसांत तो मारेकरी, म्हणजे घराण्याचा तरुण वारस, मरण पावला. पुढे त्याच्या मृत्यूचा संशय थेट त्याच्या आईवर घेतला गेला. ती आई म्हणजे अहिल्याबाई होळकर.

आज अहिल्याबाईंची जयंती जवळ आली की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरतो. न्यायासाठी त्यांनी पोटच्या मुलाला हत्तीच्या पायी दिले, असे त्यात लिहिलेले असते. कुणी ही गोष्ट कौतुकाने पुढे पाठवतो, कुणी धक्का बसून. मालेरावांच्या मृत्यूबद्दल नक्की काय माहीत आहे, पिशाच्चाची कथा कुठून आली आणि या सगळ्यात अहिल्याबाईंचे खरे आयुष्य कुठे हरवते, ते पाहू.

चांदवडचा आणि होळकरांचा संबंध काय?

चांदवड हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नाशिकपासून साधारण ६५ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर, सातमाळा डोंगररांगेच्या कुशीत ते वसले आहे. दख्खनमधून खानदेश आणि पुढे माळव्याकडे जाणारी जुनी वाट इथल्याच घाटातून जात असे. माळव्यात राज्य उभारणाऱ्या होळकरांना दख्खनेत ये-जा करण्यासाठी अशा ठिकाणी भक्कम ठाणे हवे होते. चांदवड हे तसे ठाणे होते. इथे टांकसाळही होती आणि चांदवडी रुपया या नावाने ओळखले जाणारे नाणे नाशिक-खानदेश भागात चालत असे.

रंगमहाल हा अठराव्या शतकातला वाडा. कोरीव लाकडी खांब, चौक आणि भिंतींवरची चित्रे ही त्याची ओळख. राजवाड्यातील सजवलेल्या निवासी भागाला रंगमहाल म्हणण्याची पद्धत उत्तरेकडेही होती. दिल्लीच्या लाल किल्ल्यातही याच नावाची इमारत आहे. चांदवडचे रेणुकामातेचे मंदिरही अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेले आहे. रंगमहालापासून त्या मंदिरापर्यंत भुयार होते, अशी आख्यायिका आहे.

१८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांकडे गेला. राज्य गेले, वाडा राहिला. मालेरावांचा मृत्यू मात्र चांदवडला झालेला नाही. ती घटना माळव्यातली आहे.

अहिल्याबाई होळकरांच्या घरात कशा आल्या?

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी इथे झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मल्हारराव होळकरांनी प्रवासात या मुलीला देवळात पाहिले आणि आपल्या मुलासाठी निवडले, अशी परंपरागत हकीकत आहे. १७३३ मध्ये मल्हाररावांचे एकुलते पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १७४५ मध्ये मुलगा मालेराव आणि १७४८ मध्ये मुलगी मुक्ताबाई यांचा जन्म झाला.

१७५४ मध्ये मराठी फौजांनी भरतपूरजवळच्या कुंभेरी किल्ल्याला वेढा घातला. किल्ला सूरजमल जाटाचा होता. या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईंनीही तयारी केली होती. पण मल्हाररावांनी विनवणी करून त्यांना थांबवले.

सुनेला जिवंत ठेवून मल्हाररावांनी तिला देवघरात बसवले नाही. ते स्वतः वर्षातला मोठा काळ मोहिमांवर असत. मागचा वसूल, रसद, दारूगोळा आणि पत्रव्यवहार अहिल्याबाई पाहू लागल्या. १७६५ मधील मल्हाररावांच्या एका पत्रात त्यांना ग्वाल्हेरकडे जाण्याच्या, तोफखाना सोबत ठेवण्याच्या आणि त्याच्या दारूगोळ्याची तजवीज करण्याच्या सूचना आहेत. पुढच्याच वर्षी राज्य सांभाळण्याची वेळ आली तेव्हा अहिल्याबाई नवख्या का नव्हत्या, याचे उत्तर अशा पत्रांत आहे.

मालेराव कोण होते?

२० मे १७६६ रोजी आलमपूर इथे मल्हाररावांचे निधन झाले. मुलगा आधीच गेलेला असल्याने सुभेदारी नातवाकडे, म्हणजे २१ वर्षांच्या मालेरावांकडे आली. वर्ष पुरे होण्याआधीच, १७६७ च्या वसंत ऋतूत तेही मरण पावले.

मालेरावांबद्दल सर्वाधिक वाचली गेलेली हकीकत सर जॉन मेल्कम या इंग्रज अधिकाऱ्याची आहे. होळकरांचा पाडाव झाल्यावर मध्य हिंदुस्थानची व्यवस्था लावण्याचे काम त्याच्याकडे होते. त्या भागाच्या इतिहासावरचा त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मालेराव चंचल आणि क्रूर चेष्टांची आवड असलेले म्हणून येतात. दानधर्मासाठी आलेल्या ब्राह्मणांच्या कपड्यांत आणि जोड्यांत ते विंचू सोडत. रुपयांनी भरलेल्या घागरीत विषारी जनावरे ठेवून त्यात हात घालायला सांगत. आई ज्यांना आदराने बोलावी, त्यांचीच मुलगा अशी थट्टा करी. अहिल्याबाई यावर रडत, असेही मेल्कम लिहितो.

यात अतिशयोक्ती नसेलच असे नाही. मेल्कमला अहिल्याबाईंबद्दल विलक्षण आदर होता, आणि सद्गुणी आई व बिघडलेला मुलगा ही जोडी कथेत चांगली उठून दिसते. मालेरावांची बाजू सांगणारा कुणी त्याच्या ग्रंथात नाही.

कारागिराचा खून आणि पिशाच्चाची गोष्ट काय आहे?

मेल्कमने दिलेली हकीकत अशी. वाड्यात भरतकाम करणारा एक कारागीर होता. घरातल्या एका दासीशी त्याचे संबंध आहेत, असा मालेरावांना संशय आला आणि मत्सराच्या भरात त्यांनी त्याला ठार मारले. पुढे तो निर्दोष असल्याचे सिद्ध झाले. हे कळल्यावर पश्चात्तापाने मालेराव इतके आजारी पडले की जिवाचीच भीती वाटू लागली.

इथून गोष्ट वेगळे वळण घेते. कारागिराच्या अंगी दैवी शक्ती होती आणि मला मारू नका, नाहीतर भयंकर सूड घेईन, अशी ताकीद त्याने आधीच दिली होती, अशी कुजबुज सुरू झाली. मालेराव तापात बरळत होते. ते बरळणे त्यांचे नसून त्यांच्या अंगात शिरलेल्या मृताचे आहे, असे लोक मानू लागले.

अहिल्याबाईंनीही ते मानले. त्या रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून राहिल्या. मुलाच्या तोंडून बोलणाऱ्या त्या पिशाच्चाशी त्या बोलत, रडत, तासन्‌तास प्रार्थना करत. माझ्या मुलाला सोड, तुझ्या नावाने देऊळ बांधीन, तुझ्या कुटुंबाला इनाम देईन, असे त्यांनी कबूल केले. पण मला निरपराध मारले, त्याचा जीव घेतल्याशिवाय जाणार नाही, हेच उत्तर येत राहिले. अखेर मालेराव गेले.

अठराव्या शतकात ही समजूत अपवादात्मक नव्हती. अकाली किंवा अन्यायाने मेलेला माणूस सूड घेतो, त्याला देऊळ, नैवेद्य किंवा वारसांना जमीन देऊन शांत करता येते, असे सर्व थरांतले लोक मानत. गावोगावच्या वीरगळांच्या, मुंज्यांच्या आणि वेताळांच्या ठाण्यांमागे अशीच श्रद्धा आहे. अहिल्याबाई आपल्या काळाच्या बाहेरच्या नव्हत्या. मुलगा वाचावा म्हणून, त्या काळात जो मार्ग ठाऊक होता, तो त्यांनी धरला.

ही हकीकत कितपत विश्वासार्ह आहे?

घटना १७६७ ची, ग्रंथ १८२३ चा. मध्ये ५६ वर्षे गेली. मेल्कम माळव्यात पोहोचला तेव्हा अहिल्याबाईंना जाऊनही वीसहून अधिक वर्षे झाली होती. त्याने होळकरांच्या पदरच्या जुन्या माणसांकडून माहिती गोळा केली. म्हणजे आपल्यापर्यंत आलेली पिशाच्चाची गोष्ट ही वाड्यातल्या आठवणींची आणि गप्पांची गोष्ट आहे.

तिचे दोन भाग करता येतात. मालेरावांच्या हातून एक निरपराध माणूस मारला गेला, त्यांना मानसिक धक्का बसला, ते आजारी पडले आणि वारले, हा पहिला भाग. त्यात अशक्य असे काही नाही. पिशाच्चाने ताकीद देऊन सूड घेतला, हा दुसरा भाग. तो त्या घटनेचा त्या काळातल्या लोकांनी लावलेला अर्थ आहे. मेल्कम स्वतः हा समज हास्यास्पद मानतो. पण अहिल्याबाईंचा त्यावर विश्वास होता, हे तो लपवत नाही.

एवढ्या वर्षांनंतर आजाराचे नेमके निदान करण्यात अर्थ नाही. ताप, भ्रम आणि पश्चात्ताप यांपैकी कशाचा वाटा किती होता, हे सांगू शकेल असा वैद्यकीय पुरावा तेव्हाच्या कागदांत नसतो.

आईनेच मुलाला मारले, हा आरोप कुठून आला?

हा आरोप मोबाइलच्या काळातला नाही. अहिल्याबाईंनी स्वतःच मालेरावांचा काटा काढला, अशी वदंता मेल्कमच्याही कानावर गेली होती आणि ती युरोपीय लोकांत पसरली होती. त्याने या आरोपाची मुद्दाम चौकशी केली आणि त्यात तथ्य नसल्याचा निर्वाळा दिला.

वदंता का पसरली असेल, याचा अंदाज बांधता येतो. मुलगा नालायक म्हणून ओळखला जात होता, आई कर्तबगार होती आणि मुलाच्या मृत्यूनंतर राज्य आईच्या हाती आले. रहस्यकथेतला तपास अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो की मृत्यूचा फायदा कुणाला झाला? या हिशेबाने संशयाची सुई आईकडे वळते.

पण १७६७ च्या वसंतात हा फायदा दिसत होता का? त्या काळातल्या विधवेला मुलगा हाच आधार असे. मालेराव जिवंत असेपर्यंत सुभेदारी होळकरांची होती. ते निपुत्रिक गेल्यामुळे ती कुणाची, हाच प्रश्न उभा राहिला. मुलाच्या मृत्यूने अहिल्याबाईंना राज्य मिळाले नाही. होते ते हातचे जाण्याची वेळ आली.

मालेरावांच्या मृत्यूनंतर नेमके काय घडले?

होळकरांचे जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवले की एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, कारभार दिवाणाने पाहावा आणि अहिल्याबाईंनी नेमणूक घेऊन स्वस्थ बसावे. अहिल्याबाईंनी नकार दिला. एका सरदाराची पत्नी आणि दुसऱ्याची आई या नात्याने वारस निवडण्याचा अधिकार आपला आहे, अशी त्यांची भूमिका होती.

चंद्रचूड यांनी पेशव्यांचे काका रघुनाथराव यांचा आधार घेतला. रघुनाथराव फौजेनिशी माळव्यात उतरले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड अशा सरदारांना पत्रे पाठवली, स्वतःच्या फौजेची तयारी केली आणि पुण्यात थोरल्या माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. बाईशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा अर्थाचा निरोप त्यांनी रघुनाथरावांना धाडल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. क्षिप्रेच्या काठी तुकोजी होळकर फौज घेऊन उभे होते. रघुनाथरावांनी पवित्रा बदलला आणि आपण मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो असल्याचे सांगितले.

माधवरावांनी अहिल्याबाईंची बाजू उचलून धरली. मुलकी कारभार अहिल्याबाईंकडे आणि फौजेची जबाबदारी तुकोजींकडे, अशी वाटणी झाली. तुकोजी हे मल्हाररावांच्या विश्वासातले सरदार होते. पण अहिल्याबाईंचे मुलगे किंवा दीर नव्हते.

याच रघुनाथरावांचे नाव सहा वर्षांनी एका खऱ्याखुऱ्या खुनात आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याचा तपास केला आणि रघुनाथरावांना दोषी धरले. शनिवारवाड्याभोवतीही भुताची गोष्ट तयार झाली; पण तिथे भुताच्या आधी तपास झाला होता. मालेरावांच्या बाबतीत तसे झाले नाही. तरीही चंद्रचूड किंवा रघुनाथराव यांनी मालेरावांना काही केले, असे म्हणायला कोणताही पुरावा नाही. मृत्यूने तयार झालेली संधी त्यांनी साधू पाहिली, एवढेच म्हणता येते.

मग वासराची आणि हत्तीची गोष्ट?

मोबाइलवर फिरणाऱ्या कथेत सहसा असे असते की इंदूरच्या रस्त्यावर मालेरावांच्या रथाखाली एक वासरू चिरडले. गाय तिथेच बसून राहिली. अहिल्याबाईंना कळल्यावर त्यांनी मुलाचे हातपाय बांधून त्याला तसेच चिरडण्याची आज्ञा केली. सारथी तयार होईना, तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या. मात्र ती गायच पुन्हा पुन्हा आडवी आली आणि मालेराव वाचले. गाय आडवी आली म्हणून इंदूरच्या त्या भागाला आडा बाजार म्हणतात, असेही सांगतात. काही संदेशांत रथाच्या जागी हत्ती येतो आणि मालेराव वाचत नाहीत.

हीच गोष्ट तमिळनाडूत शेकडो वर्षे सांगितली जाते. तिथे राजा मनुनीती चोळ आहे. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मरते, गाय राजवाड्यावरची न्यायाची घंटा वाजवते आणि राजा मुलाला रथाखाली घालतो. तिरुवारूर या गावाशी ही कथा जोडलेली आहे आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात या राजाचा पुतळा आहे. ती अहिल्याबाईंच्या जन्माच्या कित्येक शतके आधीची आहे.

न्यायी राजाची ओळख पटवण्यासाठी लोकपरंपरा अशा गोष्टी एका नावावरून दुसऱ्या नावावर नेते. अहिल्याबाईंच्या वाट्याला ती आली, यावरून लोकांना त्या किती न्यायी वाटत होत्या ते कळते. मालेराव कसे मेले, हे मात्र तिच्यावरून कळत नाही. शिवाय या कथेचे आणि मेल्कमने दिलेल्या हकीकतीचे जुळत नाही. एका गोष्टीत आई मुलाला मारायला निघते. दुसरीत तीच आई त्याला वाचवण्यासाठी पिशाच्चापुढे पदर पसरते.

अहिल्याबाईंचा न्याय प्रत्यक्षात कसा होता?

मुलाच्या मृत्यूनंतर अहिल्याबाईंनी २८ वर्षे राज्य केले. राजधानी त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. मेल्कमने त्यांचा दिनक्रम दिला आहे. पहाटेपूर्वी उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे शाकाहारी जेवण. दुपारी दोनच्या सुमारास दरबार सुरू होई आणि संध्याकाळी सहापर्यंत चाले. पूजा आणि फराळानंतर रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज. त्या पडदा पाळत नसत आणि तक्रारदाराचे म्हणणे स्वतः ऐकत.

या न्यायात हत्ती किंवा रथ नाही. आहे तो रोजचा चार तासांचा दरबार आणि रात्रीचे दोन तास. वसूल वाजवी ठेवणे, गावच्या वतनदारांचे हक्क न मोडणे, वाटा सुरक्षित राखणे अशी ती कामे होती. मोबाइलवर पुढे पाठवावी अशी नाट्यमय गोष्ट त्यातून निघत नाही.

बांधकामांची यादी सर्वांना ठाऊक आहे. काशी विश्वनाथाचे मंदिर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, काशीचा मणिकर्णिका घाट, शिवाय ठिकठिकाणच्या विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे. यातली बरीच कामे होळकरांच्या राज्याबाहेरची आहेत. घराण्यात खासगी नावाने बायकांच्या हक्काचे वेगळे उत्पन्न असे. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंनंतर ते अहिल्याबाईंकडे आले आणि धर्मकार्याचा खर्च त्यातून होई.

महेश्वरला त्यांनी विणकरांना आश्रय दिला आणि महेश्वरी साडीचे नाव झाले. मुलाच्या हातून मारला गेलेलाही वस्त्रावर काम करणाराच कारागीर होता. या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मोह होतो. पण तसे सांगणारा कागद नाही. विणकरांना आश्रय देणे हे राज्याच्या उत्पन्नाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे होते.

त्यांच्या आयुष्यातले शेवटचे दुःख कोणते?

मालेराव गेल्यावर उरली मुलगी मुक्ताबाई. तिचे लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झाले होते. त्यांचा मुलगा नथ्याबा हा अहिल्याबाईंचा एकुलता नातू. तो तरुणपणीच वारला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला.

अहिल्याबाईंनी मुलीला परावृत्त करण्याचा आटोकाट प्रयत्न केला. आई म्हणून आणि राज्यकर्ती म्हणूनही विनवले. मुक्ताबाईचे म्हणणे असे की तू म्हातारी झालीस, तू गेल्यावर मला कुणीच उरणार नाही. अखेर अहिल्याबाई अंत्ययात्रेबरोबर चालत गेल्या आणि चितेजवळ उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरले होते. ज्वाला उठताच त्यांचा धीर सुटला. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस त्यांनी धड अन्न घेतले नाही, कुणाशी शब्द बोलल्या नाहीत.

३७ वर्षांपूर्वी सासऱ्याच्या विनवणीने त्या स्वतः चितेवर जाण्यापासून थांबल्या होत्या. त्यांच्या विनवणीने मुलगी थांबली नाही. ज्यांच्या दरबारात हुकूम मोडण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती, त्यांनी ही चाल बंद करण्याचा हुकूम काढला नाही. त्यांच्या न्यायबुद्धीची ही मर्यादा होती, आणि तिची किंमत त्यांच्याच मुलीने मोजली. सतीबंदीचा कायदा इंग्रजी अमलात १८२९ मध्ये आला.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर इथे, वयाच्या ७० व्या वर्षी अहिल्याबाईंचे निधन झाले. त्यांच्यामागे मुलगा, मुलगी, जावई, नातू यांपैकी कुणीही नव्हते.

तर मालेरावांच्या मृत्यूबद्दल काय म्हणता येईल?

उपलब्ध हकीकतींवरून एवढेच म्हणता येते की सुभेदारी मिळाल्यानंतर वर्षाच्या आत मालेराव आजारी पडून वारले आणि त्या आजारात आई त्यांच्या उशाशी होती. आईने मारल्याच्या आरोपाला आधार नाही. हत्तीची किंवा रथाची कथा दुसरीकडून आलेली आहे. पिशाच्चाची गोष्ट हा त्या काळातल्या लोकांचा विश्वास होता, आणि अहिल्याबाईंचाही.

या सगळ्या कथांत एका खऱ्या बळीकडे दुर्लक्ष होते. तो भरतकाम करणारा कारागीर. रहस्य रंगते ते सुभेदाराच्या मृत्यूचे. कारागिराच्या खुनाबद्दल कुणी आश्चर्य करत नाही. मेल्कमच्या हकीकतीत त्याला नाव नाही, गाव नाही. त्याच्या बायकामुलांना कबूल केलेले इनाम मिळाले का, हेही तिथे लिहिलेले नाही. जिवंतपणी त्याला सुभेदारापुढे बाजू मांडता आली नाही. तो निरपराध होता हे लोकांच्या लक्षात राहिले, ते त्याच्या पिशाच्चाच्या गोष्टीमुळे. ज्या काळात सुभेदारावर फिर्याद करायला जागा नव्हती, त्या काळात भूत हीच गरिबाची फिर्याद होती.

अहिल्याबाईंना स्वतःबद्दलच्या गोष्टींचे काय वाटत असे, याचीही एक हकीकत मेल्कमने दिली आहे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांच्यापुढे वाचला. त्यांनी तो शांतपणे शेवटपर्यंत ऐकला. आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही, असे म्हणून तो नर्मदेत टाकायला सांगितला आणि ग्रंथकाराकडे पुन्हा लक्ष दिले नाही. यंदा जयंतीला हत्तीचा तो संदेश आला, तर तो पुढे पाठवण्याआधी नर्मदेत गेलेला हा ग्रंथ जरूर आठवावा.